पान्याचा तडाखा

आमच्या शेजारच्या वायरमनने दारूच्या नशेत कारखान्याच्या मालकाचा हात मोडला, अशी बोंब गल्लीभर झाली. हात मोडला हे खरं. पण दारू कसली, हा बाबा चहासुद्धा बिनसाखरेचा पितो.

पत्रा कापायचं मशीन सुरू होईना. वायरमनने सवयीप्रमाणे फ्यूज काढून खिशात टाकले आणि मालकाच्या भावाला पात्याखालची सुटलेली वायर दोन्ही हातांनी जागेवर धरायला लावली. मालकाला कुठला धीर? त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार कोंबली आणि बटणाकडे हात नेला. वायरमनने पाना असा हाणला, की मनगटाचं हाड कडकन वाजलं.

मालक जमिनीवर लोळत ओरडला, "मेल्या, हात मोडलास माझा."

वायरमन म्हणाला, "शेठ, तुमचा एक जुळेल. भावाचे दोन तुटून पडले असते, ते कुठे जोडले असते?"