सलग दुसरी ड्युटी

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागले. सातारा जिल्ह्यातलंच एक तालुक्याचं गाव. तिथल्या एक्स्चेंजमध्ये तीन बोर्ड, आम्ही पाच-सहा बायका आणि एक साहेब. आमचं घर उंब्रजच्या अलीकडच्या एका खेड्यात, एसटीनं तासाभरावर. वडील पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले. मी कामावर पहिल्यांदा निघाले तेव्हा त्यांनी बजावलं, "सरकारी खुर्ची हाय. खुर्चीला पाठ टेकायची न्हाई."

टेकायला वेळच कुठे होता! समोर लाकडी बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर बारका दिवा. दिवा लागला की त्या भोकात दोरी खुपसायची, "नंबर प्लीज" म्हणायचं आणि पलीकडच्याला जोडून द्यायचं. जोडणी लवकर झाली नाही तर शिव्या आपल्याच कानात.

मधल्या बोर्डावर बाई बसायच्या. आम्ही सगळ्या त्यांना नुसतं बाईच म्हणायचो. त्या लागल्या तेव्हा बोर्डावर सगळे पुरुष होते. लहान वयात नवरा गेलेला, पाठच्या भावंडांची शिक्षणं व्हायची होती. "बायकांना हे झेपायचं नाही," असं तेव्हाचे लोक तोंडावर म्हणायचे. ते खोटं पाडायचं म्हणून बाईंनी कधी आजारपणाची रजा घेतली नाही, बोर्ड सोडून पाणी प्यायला उठल्या नाहीत. मला काम त्यांनीच शिकवलं आणि सोबत हेही शिकवलं, "दमले असं तोंडातून काढायचं नाही. काढलंस की उद्या तुझ्या खुर्चीत पुरुष बसलेला दिसेल."

मला ते पटलं होतं. एक उन्हाळा येईपर्यंत पटलं होतं.

मे महिन्यात महाबळेश्वरला माणूस लोटायचा. हॉटेलात उतरलेल्या मंडळींना थंड हवा खाताखाता मुंबईच्या पेढ्याही चालवायच्या असत. सगळे कॉल आमच्याच बोर्डावरून जायचे आणि सगळे अर्जंट. त्यात आमच्यातली एक बाळंतपणाला गेली, दुसरी लग्न होऊन. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. साहेब म्हणाले, "सध्या जरा ओढून न्या." त्या "जरा"त सगळा सीझन गेला. सकाळची ड्युटी संपली की तशाच खुर्चीत दुपारची सुरू.

एकदा एसटीत कंडक्टरनं घंटा ओढली आणि मी मोठ्यानं "नंबर प्लीज" म्हणाले. सगळी गाडी हसली, मीही हसले. पण घरी आईनं चुलीपाशून हाक मारली की मी कानांवर हात ठेवायला लागले. माणसाचा आवाजच नको वाटायचा. वडील म्हणायचे, "खुर्चीत बसून दमायला काय झालं? आमी बर्फात उभं ऱ्हायलो."  मग मला आपणच नाजूक, असं वाटून लाज वाटायची.

मग ती दुपार आली. बाईंच्या बोर्डावर एकेक करत सगळी रांग पेटली. बाईंच्या हातात दोरी होती, पण हात हलत नव्हता. मी वळून पाहिलं. त्या बोर्डाकडेच बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. हुंदका नाही, काही नाही.

"बाई?" मी म्हणाले.

"कुठं घालू गं ही? मला आठवेना."

वीसेक वर्षं ज्या हातानं झोपेतसुद्धा जोडणी केली असती, तो हात तसाच अधांतरी. साहेब केबिनमधून धावत आले. त्यांना आधी दिवे दिसले, बाई नंतर.

"यांना जरा बाजूला बसवा, पाणी द्या," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "तू दोन्ही बोर्ड घे."

मी कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

"माझी ड्युटी मघाशीच संपली, साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बाईंना घरी घेऊन चाललेय."

"आणि हे कॉल कोण घेणार?"

"तुम्ही बसा."

मी बाईंना हाताला धरून उठवलं. तिसऱ्या बोर्डावरची मैत्रीण मान खाली घालून हसली.

आम्ही टांगा केला. दारात उतरल्यावर बाई उसळल्या. "मला घरी आणायला तुला कुणी सांगितलं? आजवर मी बोर्ड सोडला नव्हता. आता म्हणतील, बघा, खचली बाई."

"म्हणू देत."

"तुला सोपं आहे म्हणायला. तुझ्यासाठी ती जागा आम्ही करून ठेवली."

ते खरंच होतं. मी म्हणाले, "जागा केलीत, उपकार आहेत तुमचे. पण त्या जागेवर मरायचं मी कबूल केलेलं नाही." बाईंनी दार लावून घेतलं.

आठवड्याच्या आत मेमो हातात पडला. लेखी माफी द्या, नाहीतर कारवाई. वडिलांनी तो वाचला. "माफी लिहून दे. साहेबाफुडं तोंड चालवायचं नस्तं."

मी विचारलं, "आबा, पलटणीत एकच जवान दिवसभर पहाऱ्यावर उभा असायचा?"

"येडी का काय? दोन तासानं बदली व्हायची. दमलेला संतरी काय कामाचा? डोळं उघडं असून दिसत न्हाई त्येला."

बोलता बोलता ते थांबले.  त्यांनी मेमो घडी करून माझ्याकडे दिला. "मग जे झालं त्येच लिव. माफी नगं."

मी तसंच लिहिलं. ड्युटी संपली होती, सोबतीण आजारी होती, तिला घरी पोचवलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पोचवीन. साहेबांनी माझी बदली सांगलीला करवली. मी गेले. मी गेल्यावर आणि बाई रजेवर असताना बोर्ड रिकामे पडले, तेव्हा कुठे दोन नव्या मुली भरल्या. म्हणजे माणसं मिळत होती.

सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्यांचे कॉल, तीच घाई. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं की ड्युटी संपली की मी उठणार. उद्धट म्हणून शेरे मिळाले, बढती उशिरा आली. मी उठत राहिले.

दशक संपता संपता कराडला एका लग्नात बाई भेटल्या. मला पाहून म्हणाल्या, "अजून तशीच उद्धट आहेस का?"

"तशीच."

"बरं आहे." हेडफोनखालचा डावा कान गेला होता त्यांचा. मला हाताला धरून त्यांनी उजव्या बाजूला बसवून घेतलं. लग्न लागेपर्यंत आम्ही बोलत होतो, भाचरांबद्दल, आंब्यांबद्दल. एक्स्चेंजचा विषय दोघींनीही काढला नाही.