कोपराखाली एक वीत

सुमन गेल्यापासून भेटायला येणारे लोक हळू आवाजात विचारतात, "मग जेवणाचं काय करता?" मला स्वयंपाक येतो. तो येण्याचं कारण आमच्या ओट्याची उंची आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरीवलीच्या बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि सुमन जमिनीवर बसून रॉकेलच्या स्टोव्हवर रांधायची. गॅससाठी नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की आम्ही तो विसरून गेलो होतो. (सुमन विसरली नव्हती.) एक दिवस अचानक गॅसवाला खोली बघायला आला.

"शेगडी सिलिंडरच्या वर पाहिजे. ओटा कुठंय?"

"ओटा नाही," मी म्हणालो.

"सोमवारी येतो. ओटा दिसला तर गॅस, नाही तर नंबर पुढच्याला!"

नेमकं त्याच आठवड्यात कुडाळला सुमनच्या मावसबहिणीचं लग्न. निघताना ती म्हणाली, "अहो, गवंडी बोलवा. स्वतः काही करायला जाऊ नका. हा गॅस गेला तर मी जन्मभर स्टोव्हला पंप मारत बसेन."

मी ते नीट ऐकून घेतलं आणि तिच्या भावाला, दत्ताला, बोलावलं. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून दत्ताला सगळेच धंदे येऊ लागले होते.

"भावोजी, गवंडी कशाक? मी आसंय मां!"

माझा वाटा म्हणून मी वाचनालयातून घरबांधणीचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, ओट्याची उंची उभ्या माणसाच्या कोपराखाली एक वीत असावी.

"उभे ऱ्हवा," दत्ता म्हणाला. मी उभा राहिलो. त्यानं माझ्या कोपराखाली वीत लावली आणि भिंतीवर खडूनं रेघ मारली. कोपर कोणाचं, हा प्रश्न दोघांपैकी कोणालाही पडला नाही! माझी उंची सहा फूट. सुमन माझ्या बगलेखालून न वाकता जायची. आणि स्वयंपाकघरात मी तोवर फक्त पाणी प्यायला जात असे.

ओटा झाला. खाली बरीच जागा उरली, म्हणून दत्तानं सिलिंडरच्या जागेच्या बरोबर वर डब्यांसाठी कडप्प्याची आणखी एक फळी बसवली. सोमवारी गॅसवाला आला, ओट्याची उंची बघून म्हणाला, "वर मूर्ती बसवणार का?" पण गॅस जोडून गेला. आम्ही जिंकलो होतो!

सुमन परत आली. ओट्यासमोर उभी राहिली. ओटा तिच्या छातीशी लागला, त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं.

"अहो, मला भात दिसत नाहीये."

"वास येतोय ना?" मी म्हणालो. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर इतपत अक्कल यायला हवी होती.)

"दत्त्या, माप कोणाचं घेतलंस?"

"भावोजींचं."

"ते रांधणार आहेत?"

दत्ता हसला. मीही मोठ्यानं हसलो. सुमन हसली नाही.

मग पाटावर पाट ठेवून त्यावर उभं राहून झालं. फोडणी देताना वरचा पाट सरकला आणि अख्खी कढी जमिनीवर. दत्ता ओटा खाली घ्यायला घण घेऊन आला. पहिल्याच घावाला घणाचा दांडा तुटला.

"बघितलात?" तो अभिमानानं म्हणाला. "हलूक नाय!"

"ओटा खाली येत नसेल तर जमीन वर घेऊ," मी म्हणालो. (ही कल्पना संपूर्णपणे माझी. दत्ताला दोष देऊ नये.) आम्ही ओट्यासमोर विटा-सिमेंटची रुंद पायरी बांधली. सुमन त्यावर चढली, तिला भात दिसला, आणि घरात गॅस संपेपर्यंत शांतता नांदली.

गॅस संपला. नवा सिलिंडर घेऊन माणूस आला आणि जुना बाहेर ओढू लागला. खाली पायरी, वर डब्यांचा कडप्पा! सिलिंडर उभा निघेना, आडवा होईना.

"साहेब, आधी सिलिंडर आत ठेवला, मग पायरी बांधली?"

"हो."

"मग आता ओटा उचला."

तोवर दारात अर्धी चाळ जमली होती. सुमननं कोणाकडेही न बघता माळ्यावरून स्टोव्ह काढला, जमिनीवर ठेवला आणि पंप मारायला लागली. एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

दत्तानं पायरी फोडली. (ती मात्र पापडासारखी फुटली, सोबत खालच्या तीन लाद्याही.) सिलिंडर निघाला, नवा लागला. सुमन उठली, हात पुसले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

"आता ज्याचं कोपर, त्यानं रांधायचं."

"अगं, पण मला येत नाही."

"पुस्तक आणा की."

मी ओट्यासमोर उभा राहिलो. खरं सांगतो, उंची अगदी झकास होती. ना वाकावं लागलं, ना खांदे उचलावे लागले. स्टुलावरून हुकूम सुटत होते, "गॅस बारीक करा! डाळ आहे ती, एवढं घाबरताय कशाला!" दत्ता कामाचं निमित्त काढून निघून गेला.

शेवटी आमटीभात झाला. ताट मी तिच्या हातात दिलं. तिनं सावकाश कालवलं, पहिला घास घेतला, बराच वेळ चावला. (आमटीभात एवढा चावावा लागत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.) मग ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"यापेक्षा ओटा बरा जमलाय हो तुम्हाला."