मी बिबट्या हाकलला

मी त्यांचा बिबट्या घालवला, असं त्या जीपमधले लोक अजूनही सांगत असतील. सांगोत. घालवलाच मी. स्टीलचा डबा बडवून, घसा फाटेस्तोवर ओरडून घालवला. माफी मागा म्हणाले, तर मागितली नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बडवीन.

झालं असं की माझी लेक नैरोबीत असते. जावई तिथं एका कारखान्यात इंजिनीअर आहेत. तीन वर्षं तिचं "आई, ये ना, आई, ये ना" चाललं होतं, आणि मी म्हणायचे, उसाची तोडणी उरकल्याशिवाय मला हलता येत नाही. आमची शेती राहुरीच्या बाजूला, कालव्याच्या पाण्यावरची. तोडणीला पाथर्डीकडची टोळी येते, कालव्यालगतच्या आमच्या पडीक तुकड्यात कोप्या घालते आणि दोन-तीन महिने आसपासचा ऊस तोडते. कोपी म्हणजे चार बांबू, त्यावर चटई आणि प्लास्टिकचा कागद. दाराच्या जागी जुनं लुगडं. यंदा आमचे हे म्हणाले, "जा तू बिनघोर, मी आहे ना इथं." मग निघाले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी टोळीतली एक बाई ओट्याशी येऊन उभी राहिली. सात-आठ वर्षं आमच्याकडे येते, मला आक्का म्हणते. कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. म्हणाली, "आक्का, कोपीच्या मागंच उभा ऊस हाय. काल तितं वाघाचं पाऊल दिसलं. राती पोरीला घिऊन तुमच्या शेडमदी पडू का?" आमच्याकडे बिबट्याला सगळे वाघच म्हणतात. शेडमध्ये खताच्या गोण्या होत्या, ठिबकच्या नळ्या होत्या, आणि माझी बॅग अजून भरायची होती. "आल्यावर बघू गं," मी म्हणाले. ती बरं म्हणून गेली.

तिनंच मला बिबट्याला द्यायची हाळी शिकवली होती. उसाच्या कडेनं अंधारात जायचं असलं की या बायका आधी आवाज करतात. ताटावर कोयता वाजवायचा, नाहीतर टाळ्या पिटायच्या, आणि पोटातून आवाज काढायचा, "हूऽऽर्र हो! हूऽऽर्र!" बिबट्याला कळलं पाहिजे की माणूस येतंय. कळलं की तो आपसूक बाजूला होतो. अचानक पायाशी आलं माणूस, तरच घोटाळा.

तर नैरोबी. लेकीनं हौसेनं एका रात्रीची सफारी ठरवली होती. दुपारी कॅम्पात बॅगा टाकून जंगलात शिरायचं, संध्याकाळपर्यंत जनावरं बघायची, तंबूत झोपायचं, सकाळी परत. एका रात्रीच्या कामाला नियम किती! निळं नेसायचं नाही, म्हणे निळ्यावर कसल्या तरी माश्या येतात. मी निळंच नेसले होते, ते बदलायला लावलं. जीपमध्ये उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, खायचं तर नाहीच नाही. मी दशम्यांचा डबा पिशवीत तळाशी घातला आणि वर शाल दाबली. सहा तासांच्या प्रवासात माणसानं काय हवा खायची?

जीपमध्ये आम्ही मायलेकी, पुढं गाईड, आणि मधल्या बाकावर पुण्याकडचं एक जोडपं. परक्या मुलखात मराठी माणसं भेटली म्हणून मला केवढा आनंद झाला! पण त्या गृहस्थांच्या गळ्यात हातभर लांब कॅमेरा होता आणि ते त्याच्यातूनच सगळ्यांकडे बघत होते. मी दशमी पुढं केली तर बाईंनी चोरून घेतली, ते मात्र म्हणाले, "काकू, प्लीज."

जनावरं बघितली. खोटं कशाला बोलू, बघण्यासारखी होती. जिराफ चालतं तेव्हा त्याची घाई आहे की आळस आहे, काही कळत नाही. हत्तींचा एक कळप आमच्या समोरून गेला, तेव्हा मी हात जोडले. पण सिंहाचं काय सांगू! एका झाडाखाली तिघं झोपले होते, पाय वर करून, आमच्या दारातल्या कुत्र्यासारखे. भोवती दहा-बारा जीपचा घोळका, आणि त्यातली मोठमोठी माणसं श्वास रोखून त्यांच्या जांभयांचे फोटो काढतायत. मी लेकीला म्हटलं, "इथं एवढी माणसं जनावराला वाट अडवून बसलीत, आणि मला म्हणतात निळं नेसू नको." ती म्हणाली, "आई, हळू."

दिवस मावळायला आला तसे आम्ही कॅम्पकडे वळलो. तंबू दिसायला लागले होते, दिवे लागत होते. कॅम्पच्या मागच्या अंगाला एक कोरडा ओढा आहे, त्याच्या काठावर गाईडनं एकदम जीप थांबवली, इंजिन बंद केलं आणि तोंडावर बोट ठेवलं. ओढ्याच्या उतारावर, झुडपाच्या बुडाशी बिबट्या बसला होता. चांगला दांडगा, कान टवकारून. मधल्या बाकावरचा कॅमेरा टकटक टकटक सुरू झाला. लेकीनं माझा हात दाबला.

आता एक सांगते. बिबट्या दिसला की आमच्याकडची बाई बिबट्याकडे बघत नाही. आधी पोरं कुठं आहेत ते बघते. मी तेच केलं. सगळ्यांची तोंडं ओढ्याकडे, आणि मी मान वळवून वाटेकडे बघितलं. कॅम्पच्या मागच्या बाजूनं एक पाऊलवाट निघते आणि ओढ्याच्या काठाकाठानं कामगारांच्या खोल्यांकडे जाते. त्या वाटेनं एक बाई येत होती. डोक्यावर चादरींचं गाठोडं, पाठीला फडक्यानं बांधलेलं लेकरू. डोक्यावरच्या ओझ्यानं मान खाली, पावलं भराभर. तिला जीप दिसत असेल, पण ओढ्याच्या आतलं काय दिसणार? ती आणखी वीस-पंचवीस पावलं चालली असती की बरोबर त्या झुडपाच्या डोक्यावर आली असती. बिबट्याचे कान तिकडंच होते.

"अगं, बाई आहे तिथं!" मी म्हटलं. "श्शऽऽ," कॅमेरावाले म्हणाले. मी गाईडच्या पाठीला हात लावला, तर त्यालाही वाटलं म्हातारी घाबरली. त्यानं हसून मला धीर दिला. कसला धीर देतोस बाबा! शाल भिरकावली, डबा काढला, आणि जीपच्या लोखंडी दांडीवर जो बडवला! दशम्या बाकाखाली गेल्या. "हूऽऽर्र हो! हूऽऽर्र! हाड्! हाड्!" माझा आवाज तसा बारीक, पण त्या वेळी कुठून आला देव जाणे.

बिबट्या एका उडीत ओढ्याच्या पलीकडे गेला. ती बाई जागच्या जागी थांबली. उडी तिला दिसली असणार, कारण तिनं गाठोडं खाली टाकलं आणि पहिला हात पाठीवरच्या लेकरावर ठेवला.

आणि जीपमध्ये काय चाललं होतं? गृहस्थ लालबुंद. "काकू, काय केलंत हे! तीन दिवस याच्यासाठी फिरतोय आम्ही! आयुष्यात एकदा मिळतो असा फोटो!" मी म्हटलं, "ती बाई बघा आधी!" ते म्हणाले, "कुठली बाई?" त्यांनी शेवटपर्यंत बघितलंच नाही तिच्याकडे. गाईडनं मात्र बघितलं. त्यानं जीप त्या वाटेकडे वळवली आणि ती बाई पुढं निघून जाईपर्यंत दिवे लावून उभा राहिला.

कॅम्पात पोचलो तर त्या गृहस्थांची तक्रार फोनवरून आमच्या आधी पोचलेली. जेवायला बसलो तसा मॅनेजर आला, चांगला गुळगुळीत बोलणारा. लेक मला मराठीत सांगत होती. नियम मोडलात, इतर पाहुण्यांचा विरस झाला, दोन शब्द दिलगिरीचे बोलून टाका. दिलगिरी! माझ्या अंगाची लाही लाही झाली. लेकीला म्हटलं, एक अक्षर गाळू नकोस, आहे तसं सांग. "जेवणाच्या जागेपासून माझा तंबू वीस पावलांवर आहे. मला तिथवर सोडायला तुम्ही भालेवाला माणूस ठेवलाय, एकटं जाऊ नका म्हणून सही घेतलीय. आणि माझ्या अंथरुणाची चादर धुणारी बाई लेकराला पाठीशी बांधून ओढ्याच्या कडेनं अंधारात जाते, तिच्यासोबत कोण आहे? पाहुण्याचं मांस महाग आणि तिचं स्वस्त, असं बिबट्याला सांगून ठेवलंय का तुम्ही?"

लेकीनं शेवटचं वाक्य सांगितलं की नाही, मला शंका आहे. मॅनेजर हसला आणि खांदे उडवून काहीतरी बोलला. "काय म्हणाला?" मी लेकीला विचारलं. "म्हणतोय, त्यांना सवय असते."

सवय! बिबट्याची काय सवय असते माणसाला? बिबट्यालाच लागली तर लागेल माणसाची सवय. मी त्या मॅनेजरला मराठीत असं काही फैलावर घेतलं की शेजारच्या टेबलावरचे लोक घास थांबवून ऐकत बसले. त्यांना शब्द कळला नाही, पण राग कळला. जेवले नाही मी. भालेवाल्यानं मला तंबूपर्यंत सोडलं, तेही मी मानेनं नको नको म्हणत असताना.

सकाळी चादरी बदलायला तीच बाई आली. पाठीवर लेकरू होतंच. मला बघून थांबली, ओळख पटली तशी तोंडावर हात ठेवून हसली आणि हळूच म्हणाली, "हूऽर्र?" मी म्हटलं, "हूऽऽर्र!" मग आम्ही दोघी हसत सुटलो, एकीला दुसरीची भाषा येत नसताना. लेकराला मी उरलेली दशमी दिली. खरं सांगते, परतीच्या वाटेवर माझी छाती चांगली फुगली होती.

तीन आठवड्यांनी घरी आले. पहिल्याच संध्याकाळी टोळीतली बाई नळावर पाणी न्यायला आली, कडेवर मुलगी होती. मी तिला ओट्यावर बसवलं आणि सगळं साग्रसंगीत सांगितलं. डबा कसा बडवला, बिबट्या कसा पळाला, मॅनेजरला कसा झाडला. तिची हाळी आफ्रिकेत चालली म्हणून तिला हसू आवरेना. मग म्हणाली, "त्या बाईला सोडाया कोन गेलं का मंग, पुढच्या दिशी?"

"कोण जातंय! म्हणे त्यांना सवय असते!" मी पुन्हा तापले.

"असतीच की," ती म्हणाली. हंडा डोक्यावर घेतला, मुलीला कडेवर सारखी केली. "तितं तुमी हुता म्हनून बरं झालं, आक्का." आणि निघाली. अंधार पडला होता. उसाची कड आली तशी तिनं सुरुवात केली. "हूऽऽर्र हो! हूऽऽर्र!"

ती हाळी मी माझ्या ओट्यावर, दिव्याखाली बसून ऐकली, आणि एकदम आठवलं. मी जायच्या आदल्या दिवशी ती शेड मागून गेली, तेव्हा हे आतून म्हणाले होते, "देऊन टाक ना, काय बिघडतंय?" मी बॅगेत कपडे कोंबत म्हटलं होतं, "गोण्या कोण हलवणार आता? आणि काही होत नाही हो, त्यांना सवय असते."

तेच शब्द. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

किल्ली कमरेलाच होती. तशीच अनवाणी धावले. "थांब गं! शेड उघडते. आज पोरीला घेऊन तिथं नीज."

ती वळली. "आता कशाला आक्का? सकाळी टोळी नेवाशाकडं चालली. एका रातीसाठी पसारा कुटं हालवू?" रागानं नाही म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं.

मी तिच्या कोपीपर्यंत गेले. दारावरचं लुगडं बाजूला करून आत बघितलं. पाचटावर गोधडी, कोपऱ्यात चार भांडी. मागच्या चटईला हात लावला, तर पलीकडे उसाची पानं हाताला लागली. "येते," एवढंच म्हणाले आणि वळले.

"आवं, अशा एकल्या कुटं निघाल्या?" ती घाईनं म्हणाली. तिचा नवरा दिवसभराची तोडणी करून नुकता आडवा झाला होता. तिनं त्याला हलवून उठवलं. "आक्कास्नी सोडून या घरापातूर."

तो उठला, कोयता घेतला आणि माझ्यापुढं चालायला लागला, हाळी देत. मी नको नको म्हणत होते. त्यानं मला ओट्यापर्यंत सोडलं, दिव्याखाली. मग "येतू आक्का," म्हणाला आणि उसाच्या कडेनं एकटा परत गेला.