आडव्या इंजिनाचा धुळाजी

धुळाजीचा हात आधी उठायचा, तोंड मागून उघडायचं. भोकरदनला जालना रोडवर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि या मिस्त्रीशी हुज्जत घालायची नाही, हे तिथं गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण बॉनेटला नुसता कान लावून तो गाडीचं दुखणं सांगायचा, म्हणून लोक शिव्या खाऊनही यायचे. गडी मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा, धनगराच्या घरचा. मेंढरं सोडून लोखंडाच्या नादी कसा लागला, ते ऐकाच.

१९८१ साली तो वीस वर्षांचा होता आणि जालन्यात सर्जेराव मिस्त्रीच्या हाताखाली कामाला होता. सर्जेरावच्या हातात पाना आला की त्याच्यातला माणूस निघून जायचा. त्या साली जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या कुठल्याशा परदेशी पथकाची जपानी गाडी केदारखेड्याजवळ नदी ओलांडताना बंद पडली आणि ओढत गॅरेजात आणली. बॉनेट उघडलं तर काय, इंजिनावर स्टेपनी ठेवलेली! आणि इंजिन उभं नव्हतंच. दोन पिस्टन डावीकडं, दोन उजवीकडं, सगळे आडवे झोपलेले. आत ड्रायव्हरजवळ एक दांडी होती, ती ओढली की मागची चाकंही जोर लावायची. पथकाच्या ड्रायव्हरनं सांगितलं, ह्या इंजिनाला बॉक्सर म्हणतात, कारण पिस्टन समोरासमोर ठोसे मारल्यागत हलतात.

सर्जेरावनं जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं, पण कबूल कोण करणार? "कार्बोरेटर गेलाय," तो ऐटीत म्हणाला. धुळाजी पटकन बोलून गेला, "न्हाई उस्ताद. प्लग बाजूला, खालच्या अंगाला हायेत. त्यातच पाणी गेलंय." प्लग काढून कोरडे केले आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. परदेशी साहेबानं खुशीत धुळाजीच्या पाठीवर थाप मारली. साहेबाची गाडी वळणाआड जाताच सर्जेरावनं त्याच पाठीवर चाकाचा पाना असा घातला की दोन बरगड्या तडकल्या. "मालकासमोर शहाणपणा करतो का रे, भाडखाऊ?" धुळाजी मातीत पडला, रक्त थुंकला, आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर आला. ते आडवं इंजिन त्याच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

सर्जेरावकडून तो काम शिकला आणि मारायलाही शिकला. झाकून काय करायचं?

पुढं त्यानं भोकरदनला स्वतःचं गॅरेज टाकलं आणि धाकट्या भावाला, राधाकिसनला, जोडीला घेतलं. आईबाप लवकर गेलेले. राधाकिसनला त्यानं आणि त्याच्या बायकोनं, आसराबाईनं, पोटच्या लेकरासारखं वाढवलं. मोठा जितका तापट, धाकटा तितकाच हसरा. कोणी काहीही विचारो, राधाकिसन आधी हसायचा आणि मग उत्तर द्यायचा.

१९९७ मध्ये खडीच्या क्रशरवाल्या काकासाहेबानं मुंबईहून कुठल्याशा वकिलातीची जुनी जपानी गाडी आणली. धुळाजीनं बॉनेट उघडलं आणि आनंदानं ओरडलाच, "अरे, हे तर आपलंच आडवं!" पण सोळा वर्षांत ते फार पुढं गेलं होतं. कार्बोरेटर गायब, पेट्रोलचे फवारे थेट आत. ती दांडीही नाही, चारही चाकं कायम ओढणारी. झडपा हलवायला दोन्ही बाजूंच्या हेडांत, म्हणजे पिस्टनवरच्या झाकणांत, वेगळे दांडे, आणि ते सगळे फिरवायला एक लांबलचक रबरी पट्टा. तो पट्टा एका दातानं जरी चुकला तरी झडप पिस्टनवर आपटायची.

पट्टा राधाकिसननं बसवला आणि दोन दात चुकला. इंजिन फिरलं, खटाखट आवाज आला, झडपा वाकल्या. धुळाजीचा हात उठला तेव्हा हातात पाना होता, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. पाना राधाकिसनच्या डाव्या कानावर बसला. कानातून रक्ताची धार लागली आणि राधाकिसन गुडघ्यावर बसला. कप्पीला लटकलेलं दुसऱ्या गाडीचं इंजिन डोक्यावर हलत होतं आणि धुळाजी "राध्या, राध्या" करत भावाला कवटाळून रडत होता. औरंगाबादच्या डॉक्टरनं पडदा तर फाटलाच आहे, आतलंही गेलं, असं सांगितलं. तो कान कायमचा बंद झाला.

राधाकिसनचं लग्न होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. त्याची बायको इंद्रायणी दारात उभी राहून सगळं बघत होती. धुळाजी पायी पिंपळगावला गेला, रेणुकाईच्या पायरीवर डोकं ठेवलं आणि शपथ घेतली: भावावर परत हात उचलला तर हा हात झडून जाऊ दे.

आणि गड्यानं शपथ पाळली! राग काही गेला नव्हता. राधाकिसन चुकला की धुळाजी गॅरेजचा पत्रा ठोकायचा. पत्र्याला इतके खड्डे पडले की आसराबाई म्हणायची, "ह्यो सगळा मार भावजींच्या नावाचा हाय बरं का!" राधाकिसन हसायचा. इंद्रायणी तेवढी हसायची नाही. रोज संध्याकाळी नवरा घरी आला की आधी ती त्याचं तोंड दिव्याकडं वळवून बघायची, कुठं लागलंय का. आसराबाईला तिनं एकदा स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, हात तोच हाय. कधीतरी उठंलच." हे धुळाजीच्या कानावर आलं होतं. तिनं एक दिवस तरी नवऱ्याचं तोंड न तपासता त्याला जेवायला वाढावं, दुसरं काही धुळाजीला आयुष्यात नको होतं.

अशी आठ वर्षं गेली. २००५ मध्ये काकासाहेबानं नवी कोरी जपानी गाडी घेतली. ना धड जीप, ना धड कार. बसायला उंच, चालायला मऊ. इंजिन तेच आडवं, पण आता त्यावर कॉम्प्युटरचा पहारा. ड्रायव्हरनं रेडिएटरमध्ये पाणी नसताना ती खडीच्या रस्त्यावर दामटली आणि इंजिन तापून जाम झालं. सहा महिन्यांत गाडी बसली म्हटल्यावर काकासाहेबाची लाज निघाली. "कोणाला कळू देऊ नका," त्यानं बजावलं. भावांनी इंजिन उतरवलं, दोन्ही हेड काढले आणि वर ताडपत्री टाकली.

त्याच आठवड्यात काकासाहेबाच्या आईला, झुंबरबाईला, रस्त्यात एका फटफटीनं उडवलं. म्हातारी जागीच गेली. फटफटीवाला पळाला. बघणाऱ्यांनी एवढंच सांगितलं, काळी बॉक्सर होती. त्या नावाची फटफटी तेव्हा गावोगाव झालेली, आणि बॉक्सर म्हटलं की सगळ्या तालुक्याला तीच दिसायची. ह्या नावाचं इंजिन असतं, हे माहीत होतं फक्त दोघा भावांना. काकासाहेबानं भुजंग नावाच्या आपल्या माणसाला तीन पोरं देऊन गॅरेजं धुंडाळायला पाठवलं. राधाकिसन मात्र चहाच्या टपरीवर सांगून बसला होता, "आम्ही बॉक्सर खोलून ठिवलीय. ताडपत्रीखाली! कोणाला दावायची न्हाई."

भर दुपारी चौघं गॅरेजात शिरले. धुळाजी हेड घासून आणायला लेथ मशीनवाल्याकडं गेला होता. कॉम्प्रेसर धडधडत होता. भुजंग राधाकिसनच्या डाव्या हाताला उभा राहिला. "बॉक्सर कुठंय? फटफटी?" राधाकिसनला कसाबसा पहिलाच शब्द ऐकू आला. तो हसला. "हाय की! आम्हीच खोलली. मालक दडवून ठिवा म्हणला." भुजंगनं परत विचारलं, "फटफटीच ना?" राधाकिसन नुसताच हसला.

त्या हसण्यानं भुजंगचं टाळकं सरकलं. जॅकची दांडी पहिल्यांदा जबड्यावर बसली, मग पायांवर. नडग्या मोडल्याचा आवाज कॉम्प्रेसरच्या वर ऐकू आला. राधाकिसन खाली पडला तरी चौघं थांबेनात.

धुळाजी रिक्षातून उतरला ते समोर हे. शपथ भावापुरती होती, ह्यांच्यासाठी नव्हती. त्यानं एकाच्या हातातली दांडी हिसकली आणि भुजंगच्या खांद्यावर घातली. हाड मोडलं. दुसऱ्याचे पुढचे दात गेले, तिसऱ्याचा हात उलटा वळला, चौथा पळाला. धुळाजीनं ताडपत्री ओढून फेकली. "ही घ्या बॉक्सर! तुमच्याच काकासाहेबाची हाय, हरामखोरांनो!"

भुजंग खांदा धरून त्या इंजिनाकडं बघतच राहिला. "आम्ही दोनदा इचारलं," तो कण्हला, "फटफटी का म्हणून. ह्यो नुसता हसून राह्यला."

"कोणत्या बाजूनं इचारलं?"

भुजंगनं राधाकिसनच्या डाव्या, बंद कानाच्या अंगाकडं बोट दाखवलं. धुळाजीच्या हातातली दांडी गळून पडली.

राधाकिसनला, आणि मागोमाग भुजंगलाही, जालन्याला दवाखान्यात नेलं. राधाकिसनचा जबडा बांधला होता, दोन्ही पाय लाकडी पट्ट्यांत. इंद्रायणी धावत आली. थोरल्या दिरासमोर तिनं कधी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता, तोंड वर करून बोलली नव्हती. आज तिचा पदर खांद्यावर होता. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं, पायातली चप्पल काढली आणि धुळाजीच्या तोंडावर मारली.

"आठ वर्सं! आठ वर्सं मी ह्याचीच वाट बघून राह्यले दादा! मारलंच ना शेवटी!"

राधाकिसन खाटेवरून हात हलवू लागला, नाही, नाही. ती रडत ओरडली, "तुम्ही तर त्यायचीच बाजू घेणार!"

बाकावर बसलेला भुजंग कसाबसा उठला. "बाई, त्यांनी न्हाई, आम्ही..."

"बस खाली," धुळाजी म्हणाला. मग इंद्रायणीकडं वळला. "मार. तुझं बराबर हाय."

तिनं परत मारलं. धुळाजी भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मागं धरून उभा राहिला. डॉक्टर बाहेर आले तरी ती मारतच होती, आणि मी नाही मारलं, एवढं काही तो म्हणाला नाही.