ग्लासांचं सिंक

पन्हाळा रोडवरच्या त्या गार्डन बारच्या भटारखान्यात दोन सिंक होती. एक रश्श्याच्या ताट-वाट्यांचं, दुसरं खिडकीजवळचं, बियरच्या ग्लासांचं. ते पूर्णिमाचं. तिथं ती कुणाचा तेलकट हात लागू देत नसे. सोड्याच्या कोमट पाण्यात ग्लास घासायचे, गार पाण्यातून काढायचे आणि जाळीवर पालथे घालायचे. फडक्यानं पुसायचे नाहीत. काचेला जरा जरी तेल लागलं तरी बियरचा फेस लगेच बसतो, हे ती इथंच शिकली होती.

धाकट्या जावेला, अनुजाला, तिनंच इथं कामाला लावलं. तेही सासूनं पिच्छा पुरवला म्हणून. अनुजा ताटं घासायला लागली आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांची लाडकी झाली. घरी सासूची होतीच. आता मालकही म्हणायला लागले, "पोरीचा हात लई चपळ हाय." एके दिवशी त्यांनी अनुजाला ग्लासांवर घेतलं आणि पूर्णिमाला ताटांकडं धाडलं.

"आक्का, ह्ये कसं धुवायचं सांगा की," अनुजा म्हणाली.

"त्यात काय सांगायचं? ग्लासच हाय, तोफ न्हाय."

अनुजानं मग आपल्या मनानं धुतले. ओले ग्लास मांडणं तिला बरं वाटेना. ताटं पुसायचं फडकं घेऊन ती एकेक ग्लास चकचकीत करायची. त्या फडक्यात रश्श्याच्या तेलाचा कट मुरलेला होता. शेजारी ताटं घासत पूर्णिमा ते रोज बघायची. बोटांना तिखट झोंबायचं, आणि ती पुढचं ताट उचलायची.

शनिवारी एक गिऱ्हाईक वेटरवर ओरडलं, "ओ पावणं, बियर हाय का उसाचा शिळा रस? फेस कुठं गेला?"

दुसऱ्या टेबलावरही तेच. मालकांनी एक ग्लास उचलला, आत बोट फिरवलं, वास घेतला आणि तडक आत आले.

"अनुजा, उद्यापासनं येऊ नको."

"आक्का, तुमी तरी सांगा की त्यास्नी."

पूर्णिमानं नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचं सिंक पुन्हा तिचं झालं. ग्लास जाळीवर पालथे घालताना ती चक्क गुणगुणत होती.

रात्री घरी आली तर नवरा जेवायला बसलेला. ताटावरून कधी मान वर न करणारा सयाजी म्हणत होता, "आण अजून एक भाकरी. लई दिवसांनी अशी मऊ मिळाली."

"बरं झालं पोर घरी ऱ्हायली," सासू म्हणाली. "घराला घरपण आलं."

पूर्णिमा गॅसकडं गेली. तिथं अनुजा पीठ मळत होती. ती सरकली नाही.

"बसा की आक्का, वाढते," ती हसून म्हणाली. "आन् सकाळचा डबाबी मीच करीन. तुमी निवांत जावा कामाला."

पूर्णिमा सयाजीशेजारी बसली. भाकरी खरंच मऊ होती. तिनं बाजूला सारली.

"मीठ न्हाय घातलंस व्हय गं?" ती म्हणाली.

सयाजीनं तिच्या ताटातली भाकरी उचलून घेतली.