चतुर्दशीला मांडलेल्या खुर्च्या

मी मूळची कंग्राळीची, घर बेळगावात टिळकवाडीला आणि नोकरी सदलग्याच्या शाळेत. कोरोनाच्या लसी आल्या तेव्हा आम्हा मास्तरणींना त्या कामाला जुंपलं. दारोदार फिरायचं, "लस घ्या हो" म्हणायचं आणि वर चार शब्द ऐकून घ्यायचे. माझं डोकं मुळातच तापट. सासूबाई म्हणायच्या, "हिला बघूनच लोक भ्यायचे आणि टोचून घ्यायचे."

शाळेसमोरचे आप्पा मात्र भ्यायला तयार नव्हते. जैन शेतकरी, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. त्यांच्या लेकीला इचलकरंजीत लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मूल झालं होतं आणि आप्पांनी नातीला अजून फोनवरच पाहिलं होतं. इचलकरंजी पडली महाराष्ट्रात, सदलगा कर्नाटकात; जायचं तर येताना हद्दीच्या नाक्यावर लसीचा कागद मागत. त्यात लेकीनं स्वच्छ सांगितलेलं, "आप्पा, लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावू द्यायची न्हाय."

"सरकारचा एक कायदा, पोरीचा एक कायदा," आप्पा कडाडायचे. "मी काय चोर हाय व्हय? सक्तीनं टोचायला आमी काय जनावरं हाय?"

मी म्हणायचे, "जनावरांना तर तुम्हीच डॉक्टर बोलावून टोचून घेता की!" की झालं, आप्पा धाडकन दार लावून घ्यायचे.

मग आरोग्य खात्याचे नवीन साहेब आले, लांब मंगळूरकडचे. त्यांनी शिबिराचा दिवस काढला अनंत चतुर्दशीचा. सुट्टी आहे, सगळे घरी सापडतील, हा हिशेब. माझ्याही डोक्यात त्या दिवशी फक्त गणपती विसर्जन. आम्ही सकाळीच शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या. दुपार झाली तरी आप्पांच्या गल्लीतलं एक माणूस फिरकलं नाही.

साहेब भडकले. गल्लीत जाऊन कन्नडमध्ये ओरडले, "लस नाही तर रेशन बंद!" असा कुठलाही हुकूम नव्हता, पण तोंडातून गेलं. आप्पा दारात आले. ओठ सुकलेले, आवाज अगदी खोल गेलेला. साहेबांकडं न बघता मलाच म्हणाले, "बाई, आज आमची चतुर्दशी, पर्वाचा शेवटचा उपास. पाण्याचा थेंब न्हाय पोटात. आज औषध घेत न्हाईत. एवढी वर्सं समोरच्या शाळंत शिकवता आन् ठावं न्हाय व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब जीपमध्ये बसायच्या आत त्यांना गाठून म्हटलं, "सर, ही माणसं लसीवर रुसलेली नाहीत, तुमच्या तारखेवर रुसलीत. आणि रेशनची धमकी कुणी दिली होती तुम्हाला? दोन दिवस थांबा. पारणं होऊ दे, क्षमावणी होऊ दे. मग बस्तीच्या आवारात खुर्च्या मांडू."

साहेब म्हणाले, "क्षमावणी म्हणजे?"

"याच, म्हणजे कळेल."

बस्ती म्हणजे तिथलं जैन मंदिर. क्षमावणीच्या दिवशी आवारात माणसं एकमेकांपुढं हात जोडत होती, "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा." सासू सुनेपुढं, बांधावरनं भांडलेले भाऊ एकमेकांपुढं. कडेला आमची नर्स लसीचा डबा उघडून बसलेली. खुर्च्या अजून रिकाम्याच होत्या.

आप्पा आले, ते थेट साहेबांसमोर. हात जोडून म्हणाले, "कळत नकळत दुखावलं असंल तर क्षमा."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपण ज्याला धमकावलं तोच माफी मागतोय म्हटल्यावर माणूस करणार काय! त्यांनीही हात जोडले आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "आप्पा, चूक माझा होता. रेशनचं बोलायचं नव्हता."

आप्पांनी मान डोलावली आणि पहिल्या खुर्चीत बसून बाही वर केली. "टोचा. पर आता कुणी धमकावलंय म्हणून न्हाय, हां." मागोमाग त्यांचे धाकटे बंधू बसले, मग त्यांच्या घरातल्या आक्का, मग रांगच लागली. मला सारखं रडू येत होतं आणि मास्कमुळं बरं झाकलं जात होतं.

दुसरा डोस झाला आणि आप्पा इचलकरंजीला जाऊन आले. आल्या आल्या मला शाळेच्या फाटकात गाठलं.

"बाई, नाक्यावर कुणी कागद इच्यारलाच न्हाय!"

"आता म्हणाल, लस फुकट गेली."

"फुकट कशी? पोरीनं उंबऱ्यातच इच्यारलं की. कागद बघितला, हात धुवायला लावले, मग बाळ दिलं मांडीवर."

"मग?"

आप्पांनी टोपी काढली, परत घातली.

"मग काय. बाळ हसत हुतं आन् मी लई रडलो."