पर्लकडे राहिलेलं केकचं भांडं

इकडे परदेशात, आमच्या अल्फारेटा गावच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरटी एक पदार्थ आणून होणाऱ्या जेवणात, सगळे आयटीवाले. त्यांचे किस्से सर्व्हर झोपल्याचे आणि व्हिसा अडकल्याचे. नागपूरहून टाउन प्लॅनिंग शिकायला आलेला मी एकटाच प्राणी, त्यामुळे माझ्याकडे साठलेला माल वेगळा. एक किस्सा काढला की दुसरा त्याचं शेपूट धरून येतो, आणि "मिलिंद, आधी जेव!" म्हणून बायको ओरडते.

२००१ साली मला काम मिळालं ते एका जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत. तिच्या पोटातून चाळीसेक वर्षांपूर्वी हायवे गेलेला. निम्मी वस्ती अलीकडे, निम्मी पलीकडे. लोकांनी ठरवलं होतं, आता वस्तीचा प्लॅन आपला आपणच करायचा. मुख्य मागणी एकच, हायवेवरून चालत जायला पूल हवा. मी नकाशे काढायचो. मीटिंग चर्चच्या तळघरात व्हायची.

*

पहिल्याच मीटिंगला मी भला मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि सगळ्यांना हिरवे स्टिकर वाटले. "वस्तीतल्या तुमच्या आवडत्या जागेवर लावा."

बघतो तर निम्मे स्टिकर हायवेवर! मला वाटलं, म्हाताऱ्या मंडळींना नकाशा कळला नाही. मी हळूच म्हटलं, "इथं हायवे आहे."

"माहीत आहे," कर्टिस न्हावी म्हणाला. "माझ्या बापाचं दुकान त्याच्याखाली आहे."

तो नकाशा मी ऑफिसच्या भिंतीवर तसाच लावला. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "हे लोक काय हायवेच्या मधोमध राहतात?"

"हो!" मी म्हटलं.

*

तळघराचा एक शिरस्ता होता. आधी प्रार्थना, मग जेवण, मग बोलणं. हायवे खात्याच्या इंजिनियरला हे कोण सांगणार? तो आला तो थेट प्रोजेक्टर लावूनच सुरू झाला.

समितीच्या अध्यक्ष मिस अर्नेस्टिन उठल्या. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर कायम हॅट. त्यांनी शांतपणे प्लग काढला. "बाळा, जेवलास का?"

फ्राइड चिकन झालं, मॅक अँड चीज झालं, वर गोड म्हणून पीच कॉबलर, पीचच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेलं. पूल का होऊ शकत नाही हे सांगायला आलेला माणूस फॉइलमध्ये बांधलेली प्लेट घेऊन घरी गेला!

मीही दर वेळी असाच भरल्या हातानं यायचो. बायको म्हणायची, "तू त्यांचा प्लॅनर आहेस की जावई?"

*

पुढच्या मीटिंगला इंजिनियर शहाणा झाला होता. आधी मुकाट्यानं जेवला, मग सर्व्हे काढला. "या भागात हायवे चालत ओलांडणारं एकही माणूस दिसलं नाही. मग पूल वापरणार कोण?"

मिस अर्नेस्टिन म्हणाल्या, "माझ्या हॉलमध्येही कोणी पोहत नाही. तिथं तळं नाहीये ना!"

"आमेन!" सगळं तळघर गरजलं. इंजिनियरसुद्धा हसला, बिचारा.

*

आता मिस पर्ल. या अर्नेस्टिनच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण. दोघींची घरं एकाच रस्त्यावर, समोरासमोर. मधून हायवे गेला आणि एक इकडे राहिली, एक तिकडे. त्याच्या आदल्या आठवड्यात पर्लनं अर्नेस्टिनकडून केकचं भांडं नेलं होतं. ते राहिलंच!

भेटी व्हायच्या, पण चर्चमध्ये, नाहीतर कोणीतरी गाडीनं लांबून वळसा घालून सोडलं तर. भांड्याचं मात्र अर्नेस्टिनचं ठरलेलं. "पर्लनं ते चालत नेलंय. चालतच आणून देईल." प्रत्येक सरकारी सुनावणीत त्यांचं भाषण याच वाक्यानं सुरू व्हायचं. एकदा एक अधिकारी वैतागून म्हणाला, "मॅडम, मी माझ्या गाडीतून आणून देतो!"

"तू नेलं होतंस का?" अर्नेस्टिननी विचारलं.

तोवर पर्लचे गुडघे गेले होते. "आधी पूल येतो की आधी मी जाते, बघू," असं त्या हसत हसत म्हणायच्या.

*

एकदा वाढता वाढता पर्लनी मला विचारलं, "तुझं घर कुठे रे?"

"नागपूरला, नाल्यापलीकडच्या वस्तीत. शाळा, दवाखाना सगळं अलीकडे. पावसाळ्यात बाबा मला खांद्यावर घेऊन नाला ओलांडायचे."

"पूल झाला?"

"झाला. मी कॉलेजात गेल्यावर."

माझ्या ताटात कॉबलरचा आणखी एक मोठा डाव पडला.

*

२००८ मध्ये पूल झाला. उद्घाटनाला सगळी वस्ती लोटली, फोटोग्राफर आले. इकडून अर्नेस्टिन काठी टेकत निघाल्या, नवी हॅट घालून. तिकडून पर्ल वॉकर सरकवत, दर चार पावलांवर थांबत. वॉकरच्या टोपलीत फडक्यानं झाकलेलं ते भांडं, आत ताजा केक. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत तिथंही आहे. खाली हायवे धडधडत होता.

दोघी मधोमध समोरासमोर आल्या. कॅमेरे सरसावले. पर्लनी भांडं उचललं आणि पुढे केलं.

अर्नेस्टिननी फडकं वर करून आत पाहिलं, पुन्हा नीट झाकलं.

"इथं नको," त्या म्हणाल्या. "घरी आणून दे."

आणि काठी टेकत आपल्या घराकडे वळल्या. पर्लनी भांडं परत टोपलीत ठेवलं, आणि वॉकर सरकवत त्यांच्यामागून निघाल्या.